हरलेल्या आईच्या नावाचा कायदा : गिलिक खटला, १९८५

डिसेंबर १९८० मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने डॉक्टरांसाठी सुधारित मार्गदर्शन जारी केले. सोळा वर्षांखालील मुलगी गर्भनिरोधनाचा सल्ला मागण्यास आली, तर पालकांना सांगण्यासाठी तिचे मन वळवावे. मात्र अपवादात्मक प्रसंगी त्यांना न कळवताही उपचार देता येतील, असा त्याचा आशय होता.

हा अपवादच व्हिक्टोरिया गिलिक यांना खटकला. त्यांना सोळा वर्षांखालील पाच मुली होत्या. आपल्या संमतीवाचून त्यांना असे उपचार दिले जाणार नाहीत, अशी हमी त्यांनी स्थानिक आरोग्य प्राधिकरणाकडे मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या.

१९८३ मध्ये न्या. वूल्फ यांनी दावा फेटाळला. डिसेंबर १९८४ मध्ये अपील न्यायालयाच्या तिन्ही न्यायाधीशांनी मात्र गिलिक यांच्या बाजूने कौल दिला. पुढचे दहा महिने, तातडीचा प्रसंग किंवा न्यायालयाची परवानगी वगळता, डॉक्टरांचे हात बांधले गेले. घरी सांगण्याची ज्या मुलीला भीती वाटत होती, तिच्यापुढे दवाखान्याचे दारही जवळपास बंद झाले.

१७ ऑक्टोबर १९८५ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी हा निकाल फिरवला. १८८३ च्या अगार-एलिस खटल्यात सोळा वर्षांच्या मुलीने आईला भेटावे की नाही, हे ठरवण्याचा बापाचा अधिकार न्यायालयाने उचलून धरला होता. ती व्हिक्टोरियन दृष्टी लॉर्ड्सनी आता नाकारली. लॉर्ड स्कारमन यांच्या मते पालकांचा अधिकार मुलाच्या हितासाठीच असतो आणि मुलाला पुरेशी समज आली की त्या बाबतीत तो मागे सरतो. लॉर्ड फ्रेझर यांनी डॉक्टरांसाठी पाच कसोट्या घालून दिल्या. मुलीला सल्ला नीट कळतो का, ही त्यांतली पहिली.

विरोधी मतही हलके नव्हते. सोळा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा असताना त्याला साहाय्यभूत ठरणारी साधने कायदेशीर कशी, असा लॉर्ड ब्रँडन यांचा आक्षेप होता.

गंमत अशी, की तिन्ही पायऱ्यांवरचे मिळून नऊपैकी पाच न्यायाधीश गिलिक यांच्या बाजूचे होते. वरच्या तिघांनी मात्र खटला संपवला. आज इंग्लंडमध्ये पालकांच्या संमतीविना लस वा उपचार घेण्याइतकी समज मुलाला आहे का, हे पाहताना डॉक्टर जो शब्द वापरतात, तो आहे ‘गिलिक सक्षमता’.