पहिल्या कमाईचा हिशेब



जुबिलीच्या स्मरणिकेसाठीं धर्मग्रामाचा इतिहास लिहून द्यावा, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनीं मला केली, तेव्हां मीं प्रथम मंदिराचीं जुनीं दप्तरें पुढें घेतलीं. बाप्तिस्म्याचें बुक, विवाहाचें बुक, मृतांचें बुक. पाया केव्हां घातला, घंटा कधीं चढविली, कोणते फादर किती वर्षें येथें होते, हें सर्व त्यांत आहे, व या स्मरणिकेंत तें अन्यत्र छापलेंही आहे. परंतु एक गोष्ट त्या दप्तरांत मला कोठेंच सांपडली नाहीं. बाप्तिस्मा झालेलें मूल विवाहाच्या बुकांत येईपर्यंत मधल्या वीस-पंचवीस वर्षांत काय करीत होतें, त्यानें पहिली कमाई कोठें केली, ती कोणाच्या हातीं दिली, आणि सणावारीं आईबापांबरोबर तें कोठें फिरावयास जात असे, याविषयीं दप्तर मुकें आहे. ती उणीव अंशतः तरी भरून काढावी, हा या लेखाचा हेतु आहे. त्यांत माझी स्वतःचीही एक नोंद येणार आहे, आणि ती करणें मला सोपें नाहीं.

आपली वसई इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा किल्ल्यापुरतीच येते. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें ती पोर्तुगिजांस दिली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. १८०२ सालीं दुसऱ्या बाजीरावानें येथेंच इंग्रजांशीं तह केला. राज्यें आलीं आणि गेलीं. वाडींतला माणूस मात्र वाडींतच राहिला. त्याचें राज्य म्हणजे विहीर. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल किंवा रेडा. गाडग्यांची माळ पाणी वर आणी. तें पन्हळींतून पाटांत, आणि पाटांतून केळीच्या आळ्यांत व पानवेलीच्या मुळाशीं जाई. समुद्र हांकेच्या अंतरावर असूनही हें पाणी गोड राही, कारण आपल्या पूर्वजांनीं बावखलें राखलीं होतीं. पावसाचें पाणी त्या तळ्यांत सांठे, हळूहळू जमिनींत मुरे, आणि वैशाखांतही विहिरींना पुरे. राजेळी केळीं पिकलीं म्हणजे तीं सोलून उन्हांत वाळवीत व त्यांचीं सुकेळीं करीत. हें काम घरांतल्या मुलांचें. कावळ्यांस हाकलीत सुकेळ्यांजवळ बसणें हीच पुष्कळांची पहिली नोकरी. तिचा पगार म्हणजे चोरून खाल्लेलें एखादें सुकेळें.

ज्यांचा आपण अभिमानानें उच्चार करितों, ते वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेही प्रथम कमावते गृहस्थच होते. फ्रान्सिस्कन बंधु होण्यापूर्वीं पूर्वेकडील देशांत ते व्यापार करीत असत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांनीं क्रुसावर प्राण दिला व १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. त्यांच्या हातीं तराजू आधीं आला, क्रूस मागाहून. ही गोष्ट मला पुढें फार वर्षें पुरली.

आगगाडीनें आपल्या वाड्यांचा जीवनक्रम पालटला. १८६४ सालीं गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईस जोडला गेला व १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे लोकल गाडी सुरू झाली. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली. तोंपर्यंत जी भाजी, जीं फुलें व जें दूध जवळच्या बाजारांत खपे, तें आतां पहाटेच्या गाडीनें मुंबईस जाऊं लागलें. मध्यरात्रीं उठून फुलांच्या माळा ओंवणाऱ्या, टोपली डोक्यावर घेऊन अंधारांत स्टेशनची वाट धरणाऱ्या आपल्या मातांनीं किती मुलांचीं शिक्षणें केलीं, याचा हिशेब कोणत्याही दप्तरांत नाहीं. आज जे वृद्ध शिक्षक, परिचारिका व रेल्वेचे पेन्शनर मंदिरांत पुढच्या बांकांवर बसतात, त्यांपैकीं बहुतेकांची फी मोगऱ्याच्या पैशांतून भरली गेली आहे.

पण वाडी आणि बाजार यांमध्यें नेहमींच कोणी तरी उभा असे. घरीं सावकार, बाजारांत दलाल. लग्नासाठीं, बैलासाठीं किंवा पावसाळ्यापूर्वीं घर शाकारण्यासाठीं कर्ज काढावें, आणि तें फेडतांना केळीची बागच दुसऱ्याची व्हावी, असें घडत असे. या दुःखावर उपाय म्हणून १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें वसईंत कॅथॉलिकांची सहकारी पतपेढी निघाली. तीच पुढें मोठी बँक झाली. धर्मगुरूनें प्रार्थनेबरोबर खातेवहीही हातीं घ्यावी लागते, हा धडा आम्हां मागून येणाऱ्या फादरांना त्यांनीं घालून दिला. त्यापूर्वीं १८९१ सालीं परमगुरु तेरावे लिओ यांनीं मजुराच्या न्याय्य वेतनाविषयीं जगाला जें पत्र लिहिलें, त्याचा अर्थ वसईंत असा उमटला.

आतां थोडें फिरण्याविषयीं. आमच्या लहानपणीं ‘सहल’ हा शब्द शाळेपुरताच होता. घरचीं माणसें जत्रेला जात. सप्टेंबर महिन्यांत, मरियामातेच्या जन्मदिनाचा सण झाल्यानंतर येणाऱ्या रविवारपासून वांद्र्याच्या डोंगरावर आठ दिवस जत्रा भरते. त्या दिवसांत सारें घर गाडींत बसे: आजी, काका-काकू, शेजारचीं मुलें, छत्र्या, आणि फडक्यांत बांधलेल्या भाकरी. मेणबत्त्यांच्या दुकानीं मेणाचे हात, पाय, मेणाचीं घरें मांडलेलीं असत. ज्याचें जें दुखे त्यानें तें घ्यावें. फेब्रुवारींत किल्ल्यांत संत गोन्सालोंचा सण. तेथें मुलांनीं बुरुजांवर धांवावें आणि वडिलांनीं पडक्या देवळांच्या भिंती दाखवीत जुन्या गोष्टी सांगाव्या. सांधे धरलेल्या आजीला घेऊन वज्रेश्वरीजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे एखादी फेरी होई. पण एक गोष्ट मोठेपणीं माझ्या लक्षांत आली. या कोणत्याही प्रवासांत आईची टोपली रिकामी नसे. वांद्र्यास जातांनाही तिच्याजवळ फुलें असत. तीं विकून आमच्या परतीच्या तिकिटांचे पैसे निघत. आम्हां मुलांस ती जत्रा होती. तिला ती एक फेरी होती.

आतां माझी नोंद. मी तुमच्या शेजारच्याच गांवचा, हें आपणांस ठाऊक आहे. १९८८ सालीं बारावीची परीक्षा देऊन मी मोकळा झालों. जूनमध्यें गोरेगांवच्या सेमिनरींत जावयाचें ठरलें होतें. मधले दोन महिने रिकामें बसूं नये म्हणून नात्यांतल्या एका गृहस्थांच्या ओळखीनें मुंबईंतील एका भाजीच्या आडत्याकडे मीं कारकुनी धरली. पगार महिना तीनशें रुपये. पहाटेच्या पहिल्या गाडीनें जावें, टोपल्या उतरतांच काट्याजवळ बसावें, तोलाऱ्यानें पुकारलेलें वजन लिहावें, आणि भाव फुटल्यावर प्रत्येक बागायतदाराची विक्रीची चिठ्ठी, म्हणजे पट्टी, तयार करावी. पट्टींत आडत, हमाली, तोलाई असे खर्च वजा होत. टोपल्यांवर नांवें नसत. कोणाची तांबडी चिंधी, कोणाचा चुन्याचा ठिपका, अशा खुणा असत.

तिसऱ्या दिवशीं मालकांनीं मला सांगितलें कीं, दर टोपलीमागें दोन किलो घट धरावी. माल ओला असेल तर घट समजते. पण कोरड्या मालालाही तीच घट लावावयाची होती. मीं विचारलें नाहीं. मीं लिहिलें. मात्र माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी खऱ्या वजनाचे आंकडे टिपूं लागलों. कशासाठीं, हें तेव्हां मला सांगतां आलें नसतें. मनाला कोठें तरी टोंचत होतें, एवढेंच.

एके सकाळीं पैसे नेण्यासाठीं एक वृद्ध बागायतदार आले. ते आपल्या या धर्मग्रामाचे. त्यांचीं मुलें व नातवंडें आजही रविवारीं मंदिरांत माझ्यासमोर बसतात. त्यांना वाचतां येत नसे. पट्टी हातांत धरून ते मला म्हणाले, “बाळा, वांगीं घरीं काट्यावर घातलीं तेव्हां भरलीं होतीं. वाटेंत कमी झालीं काय?”

मी म्हणालों, “घट आहे, काका.”

त्यांनीं क्षणभर पट्टीकडे पाहिलें, मग माझ्याकडे. “तूं लिहिलें आहेस ना? मग बरोबरच असेल,” असें म्हणून त्यांनीं ती पट्टी घडी करून टोपींत ठेविली.

त्यांनीं मला शिवी दिली असती तर मी कदाचित् विसरलों असतों. तो विश्वास मला विसरतां आला नाहीं.

महिना भरला. पगाराचें पाकीट आईच्या हातीं दिलें. आमच्या घरच्या रीतीप्रमाणें तिनें तें घरांतल्या वेदीवर क्रुसाच्या पायाशीं ठेविलें, जसें नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या ठेवीत तसें. सायंकाळीं रोझरी झाली. ते दहा-दहा नमो मरिया म्हणतांना माझी दृष्टि त्या पाकिटावरून हलेना. प्रार्थना संपल्यावर मीं आईबापांना सर्व सांगितलें. वडील कांहीं बोलले नाहींत. आई उठली, तिनें पाकीट उचललें व माझ्या हातांत परत दिलें. “हें येथें ठेवण्याजोगें नाहीं,” एवढेंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेलों नाहीं. वहींतल्या आंकड्यांवरून त्या वृद्ध काकांचे बेचाळीस रुपये निघाले. ते घेऊन मी त्यांच्या वाडींत गेलों. ते पाटाला पाणी लावीत होते. मला वाटलें होतें कीं, ते पैसे नाकारतील, पाठीवर हात ठेवतील, आणि माझें ओझें उतरेल. तसें झालें नाहीं. त्यांनीं हात पुसले, पैसे मोजून घेतले, कनवटीस लावले, आणि शांतपणें विचारलें, “हे माझे झाले. बाकीच्यांचे?”

बाकीच्यांच्या माझ्याजवळ केवळ खुणा होत्या. तांबडी चिंधी, चुन्याचा ठिपका, केळीच्या सोपटाची गांठ. कोणत्या गांवचे, कोणाच्या घरचे, हें मला माहीत नव्हतें. उरलेले पैसे मीं मंदिरांतल्या गरिबांच्या पेटींत टाकले. परंतु पेटींत टाकणें म्हणजे ज्याचें त्याला देणें नव्हे, हें तेव्हांही मला कळत होतें. पुढें सेमिनरींत दहा आज्ञांपैकीं चोरीविषयींचें प्रकरण जेव्हां जेव्हां आलें, तेव्हां परतफेडीवांचून पश्चात्ताप पुरा होत नाहीं हा सिद्धांत मला पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं.

ही गोष्ट आजवर मीं व्यासपीठावरून सांगितली नव्हती. जुबिलीच्या निमित्तानें सांगतों, त्यास कारण आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत जुबिलीचें जें वर्णन आहे, त्यांत दिव्यांच्या माळा व भोजनाच्या पंगती नाहींत. त्या वर्षीं जमीन मूळ कुटुंबास परत द्यावयाची असते व बांधलेला मनुष्य मोकळा करावयाचा असतो. त्याच पुस्तकांत थोडें आधीं खऱ्या मापाची व खऱ्या तराजूची आज्ञा आहे. म्हणजे जुबिली हा आनंदाचा दिवस खरा, परंतु तो आनंद हिशेब पुरा झाल्याचा आहे.

आपल्या धर्मग्रामाकडे कोणाचें काय येणें आहे? ज्या मातांच्या टोपल्यांवर आपलीं घरें उभीं राहिलीं, त्यांचें येणें आहे. ज्या बावखलांनीं आपल्या विहिरी गोड ठेविल्या आणि ज्यांपैकीं कित्येक आपण आपल्याच हातांनीं बुजविलीं, त्यांचें येणें आहे. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली; इमारती वाडीच्या कुंपणाला येऊन भिडल्या आहेत. आज आपल्या वाडींत काम करणारा मजूर बहुधा परप्रांतांतून आलेला असतो. त्याची पट्टी आपण लिहितों. त्यांत किती घट धरितों, हें ज्याचें त्यानें पाहावें.

म्हणून माझी एक विनंती आहे. जुबिलीच्या वर्षांत प्रत्येक घरानें आपल्या वडीलधाऱ्यांस त्यांच्या पहिल्या कमाईविषयीं व पहिल्या जत्रेविषयीं विचारावें, आणि तें एका पानावर लिहून मंदिराच्या कचेरींत आणून द्यावें. जुन्या पट्ट्या, पासबुकें, फोटो असतील तर तेही दाखवावे. त्यांचें एक चौथें बुक करून बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या बुकांशेजारीं ठेवावें, अशी माझी इच्छा आहे. त्याच्या पहिल्या पानावर वरील हकीकत मीं माझ्या हातानें लिहून ठेविली आहे. एखाद्याच्या घरीं आजोबा तांबडी चिंधी बांधीत असत असें कोणाला आठवलें, तर त्यानें संकोच न करितां माझ्याकडे यावें. वही अद्याप माझ्याजवळ आहे.

ते वृद्ध काका देवाघरीं गेले. त्यांचें नांव मृतांच्या बुकांत आहे. त्यांचा प्रश्न मात्र कोणत्याच बुकांत नव्हता. तो येथें नोंदला, म्हणजे या इतिहासलेखनांतलें माझें काम झालें. परमेश्वर आपणां सर्वांच्या कमाईस आशीर्वाद देवो, व ती क्रुसाच्या पायाशीं ठेवण्याजोगी करो.

आपला सेवक,
धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरु