घरांतील बिनतारी मार्ग आणि त्याचा वाढता वेग

ठाकुर्ली हें नांव मागच्या पिढीला परिचित झालें तें तेथील रेल्वेच्या वीजघरामुळें. कल्याणहून पुणें व इगतपुरी या दोन दिशांस घाट चढून जाणारे लोहमार्ग विजेवर चालविण्यासाठीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १९२९ च्या सुमारास हें वीजघर उभारलें. त्या काळीं १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाचें प्रमाण ठरलें होतें. पुढें तें अपुरें पडूं लागलें, तेव्हां मुंबईचे मार्ग टप्प्याटप्प्यानें २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेण्यांत आले, आणि २०१६ सालीं हार्बर मार्ग बदलल्यावर तें काम पुरें झालें. हा पालट होत असतां गाड्या बंद ठेवतां येण्यासारख्या नव्हत्या. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालतील अशा गाड्या आणाव्या लागल्या. नवें प्रमाण आणावयाचें तर जुन्याला कांहीं काळ सांभाळून घ्यावें लागतें. आज त्याच ठाकुर्लीच्या इमारतींत घरोघरीं असाच एक पालट चालू आहे. मात्र तो रुळांवरचा नसून अदृश्य लहरींच्या मार्गावरचा आहे. राउटर नांवाची पेटी बदलून घरांतील बिनतारी दळणवळण अधिक वेगवान करणें, एवढेंच त्याचें बाह्य रूप. परंतु त्यामागें मोठा इतिहास आहे.

घरांत बिनतारी यंत्र ठेवणें ही एके काळीं सरकारी परवान्याची बाब होती. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, आणि १९३३ च्या कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र बाळगणें हा अपराध ठरला. रेडिओ तर केवळ ऐकणारें यंत्र. घरांतील राउटर ऐकतो आणि बोलतोहि. अशा बोलक्या यंत्रांस घरोघरीं मोकळीक मिळावयाची तर लहरींचा कांहीं पट्टा सर्वांसाठीं खुला व्हावा लागतो. अमेरिकन सरकारनें १९८५ सालीं असे तीन पट्टे परवान्यावांचून वापरण्यास मुभा दिली. त्यांतील एक २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारें २४० कोटी कंपनांचा. अन्न तापविणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्याहि याच पट्ट्यांत चालत, म्हणून दळणवळणाच्या दृष्टीनें तो जवळजवळ टाकाऊच समजला जाई. या टाकाऊ भूमीवर १९९७ सालीं आय्‌.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या संस्थेनें ८०२.११ हें पहिलें प्रमाण रचलें. त्याचा वेग सेकंदाला वीस लक्ष बिटांचा होता. बिट म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढाच अर्थ वाहणारा लहानांत लहान संकेत. दोन वर्षांनीं तो एक कोटि दहा लक्षांवर गेला आणि ‘वाय-फाय’ हें नांव रूढ झालें.

यापुढें वेग वाढविण्यास मोठी अडचण आली ती घराच्या भिंतींचीच. लहर भिंतीवर, कपाटावर, जमिनीवर आपटून परत फिरते. एकच संदेश अनेक वाटांनीं, थोडथोड्या विलंबानें पोंचतो, आणि घुमटांत मोठ्यानें भराभर बोलणाऱ्याप्रमाणें मागचा प्रतिध्वनि पुढच्या शब्दावर चढतो. यावरचा तोडगा आला तो खगोलशास्त्राच्या बाजूनें. ऑस्ट्रेलियांतील सी.एस.आय.आर.ओ. या शासकीय संशोधनसंस्थेंत जॉन ओ'सुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतर हा प्रश्न हातीं घेतला. स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधण्याचा ओ'सुलिव्हन यांचा पूर्वीचा प्रयत्न निष्फळ ठरला होता. परंतु अस्ताव्यस्त लहरींतून मूळ संकेत निवडून काढण्याची जी विद्या त्या क्षेत्रांत कमावली गेली, ती येथें कामास आली. एकाच वाटेनें भरधाव संकेत न धाडतां ते लगतच्या अनेक वाटांवर वांटून द्यावे, म्हणजे प्रत्येक वाटेवर चाल सावकाश राहते, प्रतिध्वनि विरण्यास अवसर मिळतो, आणि बेरीज मात्र मोठी होते. मूळ कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ती घराच्या आंत उपयोगी पडेल अशा रीतीनें सिद्ध करण्याबद्दल या मंडळींना १९९६ सालीं अमेरिकन पेटंट मिळालें. अशीच योजना १९९९ व २००३ च्या प्रमाणांत आली, आणि वेग पांच कोटि चाळीस लक्षांवर पोंचला.

येथें ठाकुर्लीच्या शेजारचाच एक प्रसंग आठवावा. याच ऑस्ट्रेलियन संस्थेनें सिडनीजवळ वापरलेल्या सुमारें सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या भारतास भेट दिल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधनसंस्थेचे गोविंद स्वरूप यांनीं त्या १९६५ सालीं कल्याणजवळ मांडल्या. चोवीस पूर्व-पश्चिम आणि आठ उत्तर-दक्षिण. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींचा वेध घेणारी ही भारतांतील पहिली रेडिओदुर्बीण होय. स्वरूप यांचें काम पुढें उटीस आणि नारायणगांवाजवळील खोडद येथें विस्तारलें. कल्याणच्या तबकड्यांतून वाय-फाय निघालें असें नव्हे. परंतु ज्या विद्येचा व्यवहारांत कांहींच उपयोग दिसत नाहीं, तीच दुसऱ्या पिढीच्या घरांत कशी कामास येते, याचा दाखला एवढ्या जवळ सांपडावा ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

विद्या सिद्ध झाली तरी मार्ग मोकळा करणें सरकारच्याच हातीं होतें. भारत सरकारनें जानेवारी २००५ मध्यें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घरांत व घराबाहेर परवानामुक्त केला. त्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ, आणि त्यांत एकमेकींवर न चढणाऱ्या वाटा तीनच. ऑक्टोबर २०१८ मध्यें ५ गिगाहर्ट्झच्या परिसरांतील ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले, म्हणजे सातपटीहून अधिक रुंद रस्ता मिळाला. २००९, २०१३ आणि २०२१ सालीं आलेलीं पुढचीं प्रमाणें भारतांतील घरांत पुरतीं फळास येण्यास हा रस्ता आवश्यक होता.

तेव्हां नवी पेटी आणणाऱ्या गृहस्थानें तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, वेग दोन्ही टोकांवर अवलंबून असतो. नव्या राउटरशीं जुना फोन बोलूं शकतो खरा. पण तो आपल्या जुन्याच चालीनें बोलतो, आणि त्याचें बोलणें चालू असेपर्यंत नव्यांना थांबावें लागतें. दुसरी ही कीं, ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतींत लवकर क्षीण होते. दाराजवळच्या कोपऱ्यांत, दूरदर्शनसंचाच्या मागें दडविलेली महाग पेटी शेवटच्या खोलींत निरुपयोगी ठरते; तीच घराच्या मध्यावर उंच ठेवली, किंवा तार ओढून दुसरी पेटी आंतल्या खोलींत बसविली, तर काम होतें. तिसरी ही कीं, बाहेरून येणारी तार जेवढें आणते त्याहून अधिक कोणतीहि पेटी देऊं शकत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट शेजारधर्माची आहे. दाट वस्तींत एका घराची पेटी आजूबाजूच्या चार-पांच घरांत ऐकूं जाते. सर्वांत रुंद वाट आपणच अडवून बसणारा शेजाऱ्याचा वेग घटवितो, आणि शेजाऱ्यानें तेंच केलें म्हणजे आपलाहि. प्रमाण रचणाऱ्यांना हें प्रथमपासून ठाऊक होतें. म्हणून १९९७ च्या पहिल्याच प्रमाणांत त्यांनीं एक नियम घातला: बोलण्यापूर्वीं ऐकावें, दुसरा कोणी बोलत असेल तर थांबावें. वीस लक्षांपासून वेग शेकडों कोटींवर गेला, पट्टे रुंदावले, पेट्या बदलल्या; परंतु हा नियम कोणासहि काढून टाकतां आला नाहीं.