जाखडीचीं पाउलें: बाडांतील एक उणीव

वेळणेश्वर हें रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यांतील समुद्रकांठचें शिवस्थान. या जिल्ह्यांत गणेशोत्सवांत जाखडी होते. मध्यें गाणारे व मृदंगी बसतात. भोंवतीं नाचणारे पायांत चाळ बांधून फेर धरतात. शक्ति-तुऱ्याचे सवालजबाब शाहिरांच्या बाडांत उतरतात. पाउलें उतरत नाहींत. चाळांचा नाद पाउलाची खूण देतो, पण ती क्षणांत विरते.

अंगावरील विजेचा दिवा १८८२ सालींच लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहांत आला. तेथें पऱ्यांच्या केसांत विजेरीचे दिवे चमकले. १९६५ सालीं मर्स कनिंगहॅम यांच्या 'व्हेरिएशन्स फाइव्ह' मध्यें नर्तकांच्या हालचालीनें प्रकाशघट व एरियल यांच्या द्वारां नाद उठे. आतां अंगावर बांधलेलें लहान गतिमापक यंत्र पाउलाची त्वरा व वळण आंकड्यांत नोंदवितें. त्याच संकेतावर वस्त्रांतील दिवेहि उजळतात.

दिव्यांच्या शोभेपेक्षां आम्हांस ही नोंद मोलाची वाटते. मात्र कोणतें गाणें, कोणती नाचमंडळी, चाळ कोणत्या पायांत, हें शेजारीं न लिहिल्यास ती पुष्पिकेवांचूनच्या पोथीसारखी ठरेल. बाड संग्रहीं घेतांना पाऊलहि असेंच घ्यावें, ही संग्राहकांस आमची विनंति आहे.