माथ्यावरचे ज्ञान आणि उतारावरची माणसे

माथेरानवर १८७१ साली एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक जे. वाय. स्मिथ. पुस्तकाच्या नावाचे मराठी करायचे तर ते 'माथेरानचा डोंगर : तेथील माणसे, वनस्पती आणि प्राणी' असे होईल. माणसे, वनस्पती आणि प्राणी यांना एकाच पंक्तीत बसविण्यामागे लेखकाचा काही वाईट हेतू होता असे आम्हांला म्हणायचे नाही. एकोणिसाव्या शतकातील निसर्गाभ्यासाची ती रीतच होती. पण या पंक्तीतली 'माणसे' म्हणजे कोण, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती धनगर, ठाकूर, कातकरी आहेत. पाहणाऱ्या साहेबाचा त्यांत समावेश नाही. पाहणारा पंक्तीबाहेर उभा राहून यादी करीत असतो.

गेल्या पावणेदोनशे वर्षांत माथेरानविषयी जे ज्ञान निर्माण झाले त्याचा इतिहास या यादीपासून फारसा दूर गेलेला नाही, असे आमचे मत आहे. डोंगराचा माथा पुनःपुन्हा अभ्यासला गेला. उतारावरच्या आणि पायथ्याच्या वाड्यांना मात्र अभ्यासात स्थान मिळाले ते माहिती पुरविणाऱ्यांचे; प्रश्न विचारणाऱ्यांचे मिळाले नाही. प्रस्तुत लेखात या म्हणण्याचा थोडा विस्तार करावयाचा आहे.

'शोध' या शब्दाविषयी

माथेरानच्या कोणत्याही माहितीपत्रकात पहिले वाक्य ठरलेले असते : ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी मे १८५० मध्ये माथेरानचा शोध लावला. मॅलेट साहेबांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता आणि तेथून वन ट्री हिलच्या बाजूने ते वर चढले. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाला आश्रय दिला आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची वाढ सुरू झाली.

आता ज्या डोंगरावर धनगरांची गुरे चरत होती, ज्याच्या उतारांवर ठाकूर आणि कातकरी राहत होते, ज्याला 'माथेरान' हे अस्सल मराठी नाव आधीच होते, त्याचा 'शोध' कसा लागू शकतो? 'माथ्यावरचे रान' म्हणा किंवा काही जण सांगतात तसे 'मातेचे रान' म्हणा. दोन्ही अर्थांनी हे नाव कोणीतरी मराठी माणसानेच दिलेले आहे. मॅलेट साहेबांनी जे केले त्याला फार तर 'नोंद' म्हणता येईल. डोंगर सरकारी कागदावर आला. परंतु कागदावर येणे म्हणजेच अस्तित्वात येणे, ही समजूत त्या क्षणापासून रूढ झाली आणि आपण मराठी लोकही ती शालेय पुस्तकांतून निमूटपणे गिरवीत आलो.

याद्यांचे शतक

कागदावर आलेल्या डोंगराच्या मग याद्या होऊ लागल्या. स्मिथ यांच्या पुस्तकानंतर अकरा वर्षांनी, १८८२ मध्ये, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात मोडत असल्याने माथेरानचे सविस्तर वर्णन या गॅझेटिअरच्या चौदाव्या खंडात आले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. सोसायटीच्या नियतकालिकातून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एच. एम. बर्डवुड यांनी माथेरान आणि महाबळेश्वर येथील वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली. १८९४ मध्ये जे. ए. बेथॅम यांनी माथेरानच्या फुलपाखरांची नोंद केली आणि ७८ प्रजाती नोंदविल्या.

या माणसांच्या चिकाटीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. बर्डवुड हे पेशाने न्यायाधीश होते आणि डोंगरावरच्या झाडाझुडपांची सूची करण्याचे त्यांना काही कारण नव्हते. कुतूहल हेच त्यांचे कारण. आपल्याकडच्या किती प्राध्यापकांना असे कुतूहल आहे, हा प्रश्न आम्ही इतरांना विचारण्यापूर्वी स्वतःला विचारतो.

तथापि या याद्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळच्या गॅझेटिअरांतील झाडांच्या याद्यांत शास्त्रीय नावांबरोबर देशी नावेही येतात. आजही माथेरानचे सदाहरित रान आपण ज्या नावांनी ओळखतो ती जांभूळ, अंजन, पिसा, हिरडा ही नावे तशीच आहेत. ही नावे साहेबाला कोणी सांगितली? कोणता पाला औषधी, कोणता गुरांना चालत नाही, कोणते लाकूड जळणाचे आणि कोणते औताचे, हे ज्याला ठाऊक होते त्याने. यादीत नाव टिकले, नाव सांगणारा टिकला नाही. भाषेच्या अभ्यासकांना यात विशेष रस असायला हवा. कारण वस्तूचे नाव म्हणजे तिच्याशी असलेल्या व्यवहाराचा संक्षेप असतो. नाव उचलून व्यवहार मागे ठेवला की ज्ञानाची निम्मी बाजू गळून पडते.

बेथॅम यांच्यानंतर माथेरानच्या फुलपाखरांची व्यवस्थित मोजदाद व्हायला सव्वाशे वर्षे लागली. मुंबईच्या तीन अभ्यासकांनी २०११ ते २०१९ अशी आठ वर्षे हे काम केले आणि त्यांना १४० प्रजाती आढळल्या. जुन्या यादीच्या जवळजवळ दुप्पट! याचा अर्थ फुलपाखरे वाढली असा कोणी घेऊ नये. अधिक काळ, अधिक ऋतूंत, अधिक नेटाने पाहिले की अधिक दिसते, इतकाच त्याचा साधा अर्थ आहे. मात्र मधल्या सव्वाशे वर्षांचे मौन आपल्याविषयी बरेच काही सांगून जाते. साहेब गेला तेव्हा त्याची यादी आपण कपाटात ठेवली. ती पुढे नेली नाही, आणि तिच्यात जे नव्हते ते भरूनही काढले नाही.

कायदा आणि हातरिक्षा

संशोधन कपाटातून बाहेर येते तेव्हा त्याचा कायदा होऊ शकतो. माथेरानच्या बाबतीत तसे झाले. पर्यावरणवादी संस्थांच्या न्यायालयीन आणि अन्य प्रयत्नांनंतर केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि परिसर 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' म्हणून घोषित केला. क्षेत्रफळ २१४.७३ चौरस किलोमीटर, शिवाय भोवती २०० मीटरचा पट्टा. स्वतः माथेरान सुमारे सात चौरस किलोमीटरचे. म्हणजे संरक्षण माथ्याच्या कितीतरी पट मोठ्या प्रदेशाला मिळाले. आजूबाजूच्या डोंगरांची जी अवस्था खाणींनी आणि बांधकामांनी केली आहे ती पाहता या अधिसूचनेचे मोल कमी लेखता येणार नाही.

पण दस्तुरी नाक्यावर मोटार थांबली की पुढे काय? १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी पावसाळ्यात आणि दरडी-अपघातांच्या काळात बंद राहते. पुढचा प्रवास वर्षानुवर्षे घोड्यावर, पायी किंवा हातरिक्षेत होत आला. हातरिक्षा म्हणजे माणूस पुढून ओढतो, माणसे मागून ढकलतात आणि आत माणूस बसतो. आपण ज्याला 'वाहनमुक्त माथेरान' म्हणत आलो त्याचा हा अर्थ होता. धूर नव्हता हे खरे; पण इंजिनाच्या जागी कोणाचा तरी छातीचा भाता चालू होता.

रिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षेची मागणी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रयोग सुरू झाला. घोडेवाल्यांचा त्याला विरोध होता आणि त्यांच्याही पोटाचा प्रश्न खोटा नव्हता. रस्त्यावर बसविलेल्या पेव्हर ब्लॉकमुळे मातीची धूप थांबते की नाही, यावर वाद झाले. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हातरिक्षेची प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षाचालकांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. यासाठी न्यायालयाला पंजाबातील रिक्षाचालकांच्या पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या निकालाची आठवण करून द्यावी लागली.

येथे आम्हांला एक गोष्ट खुपते. मातीची धूप मोजता येते, फुलपाखरे मोजता येतात. तशी रिक्षा ओढणाऱ्याची झीजही मोजता आली असती. अधिसूचना २००३ ची, निकाल २०२५ चा. या बावीस वर्षांत पर्यावरणाचा अभ्यास आणि श्रमाचा अभ्यास एका कागदावर आले असते तर हा प्रश्न 'पर्यावरण विरुद्ध माणूस' अशा खोट्या रूपात न्यायालयापुढे उभा राहिला नसता. डोंगर वाचविण्यासाठी माणसाने माणसाला ओढले पाहिजे, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

एक वेगळी शाळा

माथेरानलाच वेगळ्या प्रकारच्या ज्ञानाची परंपरा नव्हती काय? होती. ती विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांची. भाई कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज पुरविणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. एवढा इतिहास आपल्या भागात सर्वांना पाठ आहे.

कमी बोलले जाते ते त्याआधीच्या कामाविषयी. कोतवालांनी परिसरातल्या शेतकऱ्यांसाठी स्वयंसेवी शाळा सुरू केल्या आणि सावकार-जमीनदाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या. शाळा आणि धान्यकोठी ही दोन वेगळी कामे नव्हेत. कर्जाचा हिशेब ज्याला वाचता येत नाही त्याचे धान्य खळ्यावरूनच जाते, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्यालाच शाळेच्या शेजारी कोठी बांधण्याचे सुचते. याला आपण 'समाजकार्य' म्हणून बाजूला ठेवतो. आमच्या मते हेही संशोधनच आहे. येथे प्रश्न पायथ्याने विचारला होता, आणि उत्तर ज्याच्यासाठी होते त्याच्याच भाषेत, त्याच्याच अंगणात दिले गेले. साहेबांच्या याद्यांत नेमके हेच नव्हते.

जी वाडी यादीत नव्हती

मॅलेट ज्या चौक गावातून निघाले त्याच चौकजवळ, खालापूर तालुक्यात, इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री या गडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोधकार्य थांबवावे लागले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे शासनातर्फे विधानसभेत सांगण्यात आले.

पुन्हा यादी! ज्या परिसरात फुलपाखरांची, झाडांची, पॉइंटांची यादी दीडशे वर्षांपासून आहे, तेथे वाडीचे नाव आवश्यक त्या यादीत नव्हते. गिर्यारोहक या वाडीतून जात, पाणी पीत, छायाचित्रे काढीत. वाडी कोणालाच माहीत नव्हती असे नाही. ती माहीत असूनही ज्ञानाचा विषय नव्हती. दूरचित्रवाणीचे कॅमेरे काही दिवस चिखलात उभे राहिले आणि नंतर निघून गेले. त्याच माध्यमांना एरवी या भागाची आठवण होते ती छोटी गाडी सुरू झाली की बंद पडली हे सांगण्यापुरती आणि शनिवार-रविवारच्या गर्दीपुरती. माध्यमांना दोष देणे सोपे आहे. पण बातमीदार विचारणार कोणाला? या वाड्यांचा दहा वर्षांचा अभ्यास असलेला मराठीचा, भूगोलाचा, समाजशास्त्राचा एखादा प्राध्यापक जवळच्या महाविद्यालयात असता, तर त्याच्याकडे जाता आले असते.

आपल्या वर्गापुरते

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेत पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे तो पदवी वर्गांतही आला आणि प्रकल्पवह्या सुरू झाल्या. अशा वह्या आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. त्यांत ओझोनच्या थराची रंगीत आकृती असते, ध्रुवीय अस्वल असते. कर्जत-खालापूरच्या वाडीतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीतही तेच असते. त्याच्या आजीला पिसा आणि अंजन ओळखता येतात, कोणता ओढा कोणत्या पावसात वाट बदलतो हे त्याच्या चुलत्याला ठाऊक असते. पण ते 'प्रकल्पा'त येऊ शकते असे त्याला कधी कोणी सांगितलेले नसते. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

काय करता येईल, हे फार मोठे नाही. वाडीतल्या झाडांची, ओढ्यांची, शेतांची आणि उतारांची नावे विद्यार्थ्यांकडून मराठीत आणि ठाकरी-कातकरी बोलींत नोंदवून घ्यावीत. नाव सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती घेऊन, त्यापुढे लिहावे. आणि तयार झालेली वही महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता तिची एक प्रत वाडीला आणि एक ग्रामपंचायतीला द्यावी. उतारावर भेग पडली तर ती कोणी पाहिली आणि कोणाला कळवली, हेही त्याच वहीत यावे. बर्डवुड यांच्यासारखी चिकाटी आणि कोतवालांसारखी दिशा, दोन्ही लागतील.

अशा वहीने दरड थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पुढच्या वेळी कोणी 'यादीत नाव नव्हते' असे म्हणाले, तर नाव असलेली निदान एक यादी त्या तालुक्यात असेल, आणि ती वाडीतल्या माणसांनीच केलेली असेल.