सोपाऱ्याची ईश्वरी



दहिसरहून विरार लोकल पकडली की पाचवं स्टेशन नालासोपारा. स्थविरावलीच्या कथांत जे सोपारक नगर येतं, ते हेच.

कथा वज्रस्वामींच्या काळातली, परंपरेनुसार इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. वज्रस्वामींनी शिष्य वज्रसेनांना सांगून ठेवलं होतं, की ज्या दिवशी लाख मोलाच्या भाताची गोचरी मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. विहार करत वज्रसेन सोपाऱ्याला आले. तिथे जिनदत्त श्रेष्ठींची पत्नी ईश्वरी हिने लाख मोजून एका हंडीपुरते तांदूळ मिळवले होते. घरात पैसा होता, धान्य नव्हतं. हा शेवटचा भात शिजवायचा, त्यात विष कालवायचं आणि सगळ्यांनी मिळून जेवून डोळे मिटायचे, असं ठरलं होतं. विष कालवण्याआधीच मुनी दारात आले. ईश्वरीने त्यांना त्याच हंडीतला भात दिला आणि सगळं सांगून टाकलं. वज्रसेन म्हणाले, विष टाकू नका, उद्या सुकाळ आहे. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजं बंदराला लागली.

व्याख्यानात इथून गोष्ट भराभर चार मुलांवर जाते. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या नावांनी चार कुळं निघाली. तपागच्छ आणि खरतरगच्छ आपलं मूळ चंद्रकुळात सांगतात. माझं मन मात्र त्या चुलीपाशीच राहतं. चार मुलांची आई, शेवटची हंडी, आणि तरी आधी पात्रात वाढलं!

आणि ती जहाजं. पाऊस पडला, असं कथा म्हणत नाही. पाऊस आज पडला तर भात महिन्यांनी हाती येतो, हे कोणत्याही गृहिणीला कळतं. दुसऱ्याच दिवशी सुकाळ होणं फक्त बंदराच्या गावात शक्य. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, तोही पहिल्याच शतकातला, भडोचनंतर आणि कल्याणच्या आधी ‘सुप्पारा’ बंदराचं नाव आहे. भडोचकडून गहू, तांदूळ, तूप आणि तिळाचं तेल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात असे, हेही त्यातच लिहिलंय. म्हणजे या समुद्रावर धान्याची ने-आण रोजचीच होती. लाख देऊनही तांदूळ मिळत नव्हते ते जवळपास नव्हते म्हणून. जगात कुठेच नव्हते असं नाही.

1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडात स्तूप उकरून काढला. तो बौद्धांचा, ईश्वरीच्या घराची खूण तिथे शोधायला जाऊ नका. पण त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. राजे पूर्वी शिकारीच्या सहलींना जात, मी धर्मयात्रेला निघालो, असं अशोक त्या लेखात सांगतो. आता खाडी गाळाने भरली आहे, जहाजं येत नाहीत.