बोट ओळखणारी करवत

आजची गोष्ट एका सॉसेजपासून सुरू होते. हो, खायच्या सॉसेजपासून. तो व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. टेबलावर गरगर फिरणारं करवतीचं पातं, एका फळीवर ठेवलेलं हॉट डॉगचं सॉसेज. फळी पुढे सरकते, सॉसेज दातांना टेकतं आणि 'धाड' असा आवाज होऊन पातं टेबलाखाली गायब! सॉसेजवर नुसता ओरखडा.

हे डोकं होतं स्टीव्ह गॅस नावाच्या अमेरिकन माणसाचं. राहणार ओरेगन राज्यात, शिक्षण फिजिक्समध्ये पीएचडी, पोटापाण्यासाठी पेटंटची वकिली आणि हौस म्हणून सुतारकाम. १९९९ मध्ये आपल्याच टेबल सॉकडे बघताना त्याच्या मनात आलं, बोट लागल्याचं या पात्याला कळलं तर? आयडिया ऐकायला अवघड वाटते, पण तुम्ही आत्ता ज्या स्क्रीनवर हा एपिसोड सुरू केलात, तीही तुमचं बोट साधारण असंच ओळखते. पात्यावर एक बारीकसा विद्युत सिग्नल सोडलेला असतो. कोरड्या लाकडाने त्याला फारसा फरक पडत नाही, पण माणसाची त्वचा लागली की तो एकदम बदलतो. बदलला की एक बारीक तार जळते, तिने दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. सगळं मिळून सुमारे ५ मिलिसेकंद! ठोकळा बाद, बहुतेक वेळा पातंही बाद, पण बोट शाबूत. सॉसेजवर समाधान होईना म्हणून गड्याने शेवटी स्वतःचं बोटही लावून बघितलं. रक्त आलं, पण बोट राहिलं.

आता तुम्हाला वाटेल, कंपन्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल. अमेरिकेत टेबल सॉमुळे वर्षाला अंदाजे ३०,००० लोक इमर्जन्सीत पोचतात, सुमारे ४,००० जणांची बोटं तुटतात. म्हणजे रोज दहाच्या आसपास. तरीही २००० सालापासून दारोदार फिरून एकही मोठा करार पक्का झाला नाही. कंपन्यांचं म्हणणं होतं, किंमत वाढेल. ओल्या लाकडाने किंवा आतल्या खिळ्याने ब्रेक उगाच पडेल. यात तथ्य आहे बरं का. ओल्या लाकडासाठी यंत्रणा तात्पुरती बंद करायची सोय त्या करवतीत द्यावीच लागली. पण आणखी एक भीती होती. सुरक्षित करवत बनवता येते हे एकदा मान्य केलं, की जुन्या करवतीने बोट गेलेला माणूस कोर्टात विचारणारच, मग माझ्या वेळी का नाही बनवली?

आणि तसंच झालं. बॉस्टन भागात फ्लोअरिंगचं काम करणाऱ्या एका कामगाराचा हात रायोबी कंपनीच्या सॉवर कापला गेला. २०१० मध्ये ज्युरीने त्याला १५ लाख डॉलर्स भरपाई दिली.

पण गॅसलाही मी संत म्हणणार नाही. त्याने 'सॉस्टॉप' ही स्वतःची कंपनी काढली, पेटंटं घट्ट धरून ठेवली आणि ही यंत्रणा सक्तीची करा म्हणून २००३ मध्ये सरकारकडे अर्जही केला. म्हणजे कायदा झाला की सगळ्यांनी याच्याच दारात यायचं! बॉशने वेगळ्या पद्धतीची करवत आणली, तर सॉस्टॉपच्या तक्रारीवरून २०१७ मध्ये तिची अमेरिकेतली आयात थांबली. एक महत्त्वाचं पेटंट सर्वांना खुलं करू, असं कंपनीने म्हटलं ते थेट २०२४ मध्ये, तेही सक्तीचा नियम लागू झाला तर.

या भांडणाच्या गडबडीत एक साधी गोष्ट मागे पडते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: रायव्हिंग नाइफ. पात्याच्या मागे उभी असलेली एक पातळ लोखंडी पट्टी, बस. टेबल सॉचे मागचे दात वर येतात. कापलेली फट मिटली आणि लाकूड त्या दातांवर चढलं, की ते थेट तुमच्या अंगावर फेकलं जातं, कधी हातही पात्याकडे ओढला जातो. पट्टी ती फट उघडी ठेवते. युरोपात ही पट्टी आधीपासून रुळलेली होती, अमेरिकेत नव्या मॉडेल्सवर ती आली २००८च्या सुमारास. तोवर तिथे पट्टी आणि गार्ड एकत्र जोडलेले असायचे. नुसती खाच पाडायची तरी दोन्ही काढावे लागायचे, आणि एकदा काढलेलं परत कोण लावतंय?

आता जरा आपल्याकडे या. घरी फर्निचरचं काम काढलं होतं तेव्हा मिस्त्रींच्या हातात होता मार्बल कटर, त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड. मी विचारलं, "मिस्त्री, कव्हर कुठंय?" म्हणाले, "कव्हर लावलं की रेघ दिसत नाही, दादा."

मार्बल कटर मुळात दगड-फरशीसाठीचा. त्याच्या डायमंड चकतीला दात नसतात, म्हणून वरचं अर्धं कव्हर चालून जातं. लाकडाच्या सर्क्युलर सॉला खालून स्प्रिंगचं कव्हर असतं, काप संपला की ते आपोआप पातं झाकतं. मार्बल कटरला ते नाहीच. वर बटण लॉक करायची सोय! म्हणजे दात अडकून यंत्र उसळलं, हातातून सुटलं, तरी पातं फिरतच राहतं. काही जण तर तोच कटर प्लायखाली उलटा बसवून घरगुती टेबल सॉ बनवतात, अर्थातच पट्टीशिवाय.

तुमच्याकडे खरी सर्क्युलर सॉ असेल, तर आज एक करून बघा. आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. खालचं कव्हर त्याच्या दांडीने मागे ओढा आणि सोडा. खट्‌कन परत आलं पाहिजे. रेंगाळलं तर आत भुसा आणि लाकडाचा चीक साठलाय. ब्रशने साफ करा, ब्लेडचे दात बोथट झालेत का तेही बघून घ्या, कारण बोथट पात्याला आपण जोर लावतो आणि जोर लावला की हात सुटतो. आणि कव्हर उघडं राहावं म्हणून कोणी त्यात लाकडाची पाचर ठोकलेली दिसली, तर ती आधी उपटून फेका.

चला, भेटू पुढच्या भागात.