सहा टक्क्यांचा इतिहास : सॅलिसिलिक ॲसिड आणि जाड झालेली कातडी

आजच्या व्याख्यानासाठी आपण एक अगदी साधी वस्तू घेतली आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी जेलची ट्यूब, तिच्यावर छापलेलं असतं : सॅलिसिलिक ॲसिड, ६ टक्के. तळपायाची जाड, भेगाळलेली कातडी, सोरायसिसचे खवले, जन्मापासून माशासारखी खवलेदार असणारी इक्थिओसिसची त्वचा, अशा तक्रारींवर डॉक्टर हे जेल लिहून देतात. ट्यूब घरी आली की कोणीतरी म्हणतंच, "वरून तर लावायचंय, पोटात थोडंच जातंय!" आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे. कारण ते वाक्य खरं नाही. आणि ते खरं नाही हे नीट कळेपर्यंत त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

सुरुवात करू झाडापासून. सॅलिक्स हे लॅटिन नाव विलो या झाडाचं. त्याचाच एक भाऊबंद आपल्याकडे नदी-ओढ्याच्या काठी वाढतो, त्याला आपण वाळुंज म्हणतो. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की विलोची साल वाळवून, कुटून त्याने सुमारे पन्नास हिवताप्या रुग्णांना दिली आणि गुण आला. पुढे १८२८ साली म्युनिकमध्ये योहान बुखनरने या सालीतून कडू, पिवळसर द्रव्य वेगळं काढलं, तेच सॅलिसिन. १८३८ साली राफाएले पिरिया या इटालियन रसायनतज्ज्ञाने त्यापासून आम्ल मिळवलं. सॅलिसिलिक हे नाव तिथून आलं.

पण साल सोलून किती आम्ल मिळणार? खरा बदल घडवला हेर्मान कोल्बेने. फिनॉल आणि कार्बन डायऑक्साइडपासून हे आम्ल प्रयोगशाळेत तयार करता येतं, हे त्याने १८६०च्या सुमारास दाखवलं. १८७४ साली फ्रीड्रिख फॉन हायडेन याने ड्रेस्डेनजवळ त्याचा कारखानाच काढला. आम्ल स्वस्त झालं, मुबलक झालं. आणि स्वस्त, मुबलक औषध हाताशी आलं की माणसं ते जिथे-तिथे लावून बघतात, तसंच इथेही झालं.

इथून पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट पोटातली. संधिवातावर हे औषध चाले, पण पोटाला झोंबे. त्यावर उपाय शोधताना १८९७ साली बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झालं. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी वाट कातडीवरची, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपण आज त्या वाटेने जाणार आहोत. मात्र दोन्ही वाटांवरचं रसायन एकाच घराण्यातलं आहे, एवढं डोक्यात असू द्या. पुढे लागणार आहे.

दाहक द्रव्य लावून नको असलेला भाग काढायचा, ही कल्पना तशी जुनी. सुश्रुतसंहितेत क्षार लावायचा विधी आहे. तो आम्लाचा नव्हे, क्षाराचा. पण त्यातली शिस्त बघण्यासारखी आहे. क्षार मृदू, मध्यम, तीक्ष्ण अशा तीन प्रतींचा. लावल्यावर शंभर अक्षरं म्हणायला लागतील इतकाच वेळ थांबायचं. मग आंबट द्रव्याने त्याचा जोर मोडायचा. म्हणजे किती तीव्र, किती वेळ आणि थांबवायचं कसं, हे तिन्ही प्रश्न तिथे विचारलेले आहेत.

हेच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॅम्बुर्गमध्ये पॉल गेर्सन ऊना या त्वचारोगतज्ज्ञाने सॅलिसिलिक ॲसिडबाबत विचारले. कमी प्रमाणात हे आम्ल वेगळं वागतं आणि जास्त प्रमाणात कातडीचा वरचा थर सोडवतं, हे त्याने मांडलं. औषध एका जागी, ठरल्या मात्रेत राहावं म्हणून बायर्सडॉर्फ या औषधविक्रेत्याबरोबर त्याने औषधी पट्ट्या तयार केल्या. अशा पट्टीच्या पद्धतीचं पेटंट बायर्सडॉर्फने १८८२ साली घेतलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या आर्थर व्हिटफील्डने ६ टक्के बेंझोइक ॲसिड आणि ३ टक्के सॅलिसिलिक ॲसिड यांचं मलम रूढ केलं. गजकर्णावर ते जगभर वापरलं गेलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली तेव्हा त्यातही ते होतं.

आता हे आम्ल करतं काय? आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. पेशी म्हणजे विटा, मधला सांधा म्हणजे चुना. निरोगी त्वचेत जुन्या विटा आपोआप गळून पडतात. सोरायसिस किंवा इक्थिओसिसमध्ये त्या गळत नाहीत किंवा भराभर तयार होतात, आणि थरावर थर चढतो. पूर्वी समज असा की सॅलिसिलिक ॲसिड केराटिन, म्हणजे विटाच, विरघळवतं. १९७०च्या दशकातल्या अभ्यासांतून दिसलं की विटा शाबूत राहतात, सांधा सैल होतो. म्हणून खवले निघतात.

पण मंडळी, भिंतीचा सांधा सैल केला तर बाहेरचं आतही शिरणार ना! आणि आजारी त्वचेची भिंत मुळातच ढासळलेली असते. विसाव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टर मंडळी सॅलिसिलिक ॲसिडचं मलम सोरायसिसच्या किंवा इक्थिओसिसच्या रुग्णाला अंगभर, दिवसातून अनेकदा चोळत. काही रुग्णांना कानात गुणगुण ऐकू येऊ लागली, मळमळ झाली, श्वास जलद झाला, माणूस बरळू लागला. ही सगळी लक्षणं ॲस्पिरिन जास्त पोटात गेल्यावर होतात तीच. मृत्यूंच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि त्यात लहान मुलं अधिक. १९६४ साली फॉन वाइस आणि लेव्हर यांनी सोरायसिसच्या रुग्णांना कातडीवाटे झालेल्या या विषबाधेवर स्वतंत्र लेख लिहिला. दोन वाटा आतून जोडलेल्याच होत्या.

मग औषध टाकून द्यायचं का? तसं झालं नाही. १९७३ साली अमेरिकेत बेडन आणि आल्पर यांनी ६ टक्के सॅलिसिलिक ॲसिड प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळून जेल केलं. रात्री ओलसर त्वचेवर लावायचं, वर प्लॅस्टिक गुंडाळायचं, सकाळी धुवायचं. आपल्या हातातली ट्यूब ही त्याचीच वारस. आणि १९७५ साली टेलर आणि हाल्प्रिन यांनी मोजमाप केलं. खूप पसरलेला सोरायसिस असलेल्या चार रुग्णांना मानेखाली सगळ्या अंगाला हे जेल लावून दहा तास गुंडाळून ठेवलं. लावलेल्या आम्लापैकी ६० टक्क्यांहून अधिक शरीरात गेलं. पण रक्तातलं प्रमाण १०० मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं नाही. विषबाधा दिसते ती साधारण ३० ते ४०च्या घरात.

हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. देखरेखीखालच्या रुग्णांत धोका दूर राहिला, ही चांगली बातमी. पण साठ टक्के आत गेलं, हेही त्याच कागदावर आहे. हिशेब करून बघू. १० ग्रॅम जेलमध्ये ६०० मिलिग्रॅम आम्ल. त्याचे साठ टक्के म्हणजे ३६० मिलिग्रॅम. म्हणजे ॲस्पिरिनची एक नेहमीची गोळी घेतल्यासारखंच. आता रुग्ण दहा किलोचं मूल असेल, किंवा कोणाची मूत्रपिंडं अधू असतील, किंवा आजोबा हृदयासाठी आधीच ॲस्पिरिन घेत असतील, तर हाच हिशेब बदलतो.

आज ट्यूबसोबतच्या कागदावर ज्या सूचना असतात त्या या इतिहासातून आल्या आहेत. दोन वर्षांखालच्या बाळाला लावायचं नाही. मोठ्या मुलांना लावायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्या जागेवर. मुलाला कांजण्या किंवा फ्लू असेल तर थांबायचं. ही खबरदारी ॲस्पिरिन आणि रेज सिंड्रोम यांच्या संबंधामुळे आली. गरोदरपणी, मधुमेहात, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तेव्हा आधी विचारायचं. चिरलेल्या, लाल, रसरसलेल्या कातडीवर, डोळ्यांजवळ, ओठांवर नाही. लावण्याआधी ती जागा पाच-दहा मिनिटं पाण्यात भिजवायची, लावल्यावर हात धुवायचे, सकाळी जेल धुऊन टाकायचं. प्लॅस्टिक गुंडाळायचं ते सांगितलं असेल तरच. खवले गेले की रोज लावायची गरज नाही, अधूनमधून पुरतं. आग झाली तर थांबून साधं मऊ मलम लावायचं. आणि कानात गुणगुण, चक्कर, मळमळ, धाप यातलं काही जाणवलं तर जेल धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं, आणि काय लावलं, किती जागेवर लावलं, ते सांगायचं. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. कारण वरून लावलेलं औषध सांगायचं असतं, हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

अजून एक. टक्का बघितल्याशिवाय ट्यूब बदलू नका. मुरमांसाठी २ टक्क्यांपर्यंत, खवल्यांना ३ ते ६, कुरूप काढायच्या पट्टीत ४०. नाव तेच, पण चाळीसची पट्टी सोरायसिसच्या चट्ट्यावर लावली तर जखम होणार.

विलोच्या सालीतून आलेलं हे आम्ल दीडशे वर्षांहून अधिक काळ माणसाच्या कातडीवर आहे. या काळात आम्ल तेच राहिलं. किती टक्के, किती जागेवर, किती तास आणि कोणाच्या अंगावर, एवढंच आपण शिकत आलो. प्रश्न विचारायचे असतील तर आता जरूर विचारा.